१६० चौरस फूट आणि एक पावती

 

घराविषयी आपण या कार्यक्रमात आधीही बोललोय. घरकुलाचे हप्ते झाले, घरपट्टी झाली. आज बोलायचंय भाड्याच्या घराबद्दल. तुम्ही म्हणाल, आमच्या गावात भाड्यानं राहतं कोण? शाळेचे गुरुजी आणि उपकेंद्रातल्या सिस्टर सोडल्या तर कुणी नाही. खरं आहे. पण गेल्या पावसाळ्यात, भातलावणी उरकल्यावर, आम्ही समन्वयक बायांनी गटागटांत एक साधा प्रश्न विचारला. तुमच्या घरातलं कोण मुंबईला होतं, आणि ते राहायचं कुठं?

आमचा भाग सातारा जिल्ह्यातला, डोंगराकडचा. जवळजवळ प्रत्येकीकडे उत्तर होतं. कुणाचा सासरा, कुणाचा आजेसासरा, कुणाचे थोरले दीर, कुणाचे वडील. आणि राहायचं कुठं, तर चाळीत. परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी, नायगाव, शिवडी. ज्या आजींनी मुंबई कधी डोळ्यांनी पाहिली नाही त्यांनाही ही नावं तोंडपाठ. मनीऑर्डर यायची तिच्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असायचा, आणि पोस्टमन तो मोठ्यानं वाचून दाखवायचा.

म्हणजे ते घर गावात नसलं तरी आपल्या संसारातलंच होतं. चुली दोन होत्या, एक इथं आणि एक तिथं. इथल्या चुलीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. आज तिथल्या घराकडे बघू. ते बांधलं कुणी, होतं कसं, बाया त्यात कशा राहिल्या, आणि शेवटी ते कुणाच्या नावावर राहिलं.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये गिरणी चालू झाली. त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या आणि माणसांची गरजही. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर या भागांतून माणसं निघाली. शेत तुकड्याएवढं, खाणारी तोंडं दहा आणि दारात सावकार. कारण कुणाला वेगळं नव्हतं. गिरण्या उभ्या राहिल्या, पण तिथं राबणाऱ्यानं पाठ कुठं टेकायची याचा विचार बहुतेक मालकांनी केला नाही. तो धंदा केला जागामालकांनी. मोकळ्या जमिनीवर एका ओळीत खोल्या काढायच्या, पुढून एक सामाईक गॅलरी, टोकाला सामाईक नळ आणि संडास, आणि एकेक खोली भाड्यानं द्यायची. ही चाळ.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. सुरुवात मांडवीत झाली. माणसं पटापट मेली, हजारो लोक शहर सोडून गावाकडे पळाले. तेव्हा सरकारला कळलं की गरिबाच्या घरात हवा नाही, उजेड नाही आणि गटार उंबऱ्याशी आहे. १८९८ मध्ये शहर सुधारायला एक ट्रस्ट नेमला, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, लोकांच्या तोंडी बीआयटी. या ट्रस्टनं दाटीच्या वस्त्या पाडल्या आणि प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. ज्यांची घरं पाडली त्यांच्यासाठी चाळीही बांधल्या. पण पाडणं भरभर होतं आणि बांधणं हळूहळू. ते कसं, हे धरणाखाली गाव गेलेल्या बायांना समजावून सांगायला नको.

या बीआयटी चाळींतली एक चाळ आपल्या ओळखीची आहे. परळची एक नंबरची. तिच्या दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. बावीस वर्षं. राजर्षी शाहू महाराज त्यांना भेटायला याच चाळीत आले होते. बाबासाहेब शिकायला परदेशी गेले तेव्हा पाठीमागचा संसार रमाईंनी याच खोल्यांत ओढला. पुढं दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधून झाल्यावर कुटुंब तिकडे गेलं, आणि वर्षभरातच, मे १९३५ मध्ये, रमाई गेल्या. स्वतःचं घर त्यांना फार थोडे दिवस मिळालं. आयुष्यातली घडती वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत गेली.

आता त्यापुढच्या चाळी. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा मुंबईत जागेचे हाल होते. त्या वेळचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये एक नवीन खातं काढलं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. त्याचं लोकांनी केलं बीडीडी. बेत मोठा होता, कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या. पैसा कुठून, तर शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागं एक रुपया कर. प्रत्यक्षात बांधून झाल्या २०७ चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२. एका चाळीत ८० खोल्या, म्हणजे सगळ्या मिळून साडेसोळा हजारांच्या आसपास. बेताच्या तिसऱ्या हिश्श्यावर काम थांबलं.

आणि गंमत बघा. इतकी टंचाई असताना या नव्याकोऱ्या खोल्यांतल्या कितीतरी सुरुवातीला रिकाम्याच राहिल्या. भाडं परवडेना, आणि वरळी तेव्हा गिरणीपासून, बाजारापासून लांब वाटायची. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या काही चाळी सरकारनं तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या. कामगारासाठी बांधलेल्या घरात आधी सत्याग्रही राहिले, तेही कुलपाआड. घर बांधताना ज्याला राहायचंय त्याला विचारलं नाही की असं होतं, असं आम्हाला वाटतं. घरकुलाच्या योजनांत आजही आपण हे बघतोच.

आता खोलीत शिरू. बीडीडी चाळीतली एक खोली १६० चौरस फुटांची. अंदाज यावा म्हणून सांगतो, दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब धरा. आपल्या गोठ्यात दोन म्हशी आणि त्यांचं वैरण बसेल, एवढी जागा. चाळ तळमजला धरून चार मजल्यांची, सिमेंट काँक्रीटची. मधोमध लांबच्या लांब बोळ आणि त्याच्या एका हाताला दहा खोल्या, दुसऱ्या हाताला दहा. खोलीचं दार बोळात उघडणार आणि खिडकी बाहेरच्या भिंतीला. संडास प्रत्येक मजल्यावर सामाईक.

खासगी मालकांच्या जुन्या चाळी याहून वेगळ्या. लाकडी खांब, लाकडी तुळया, मधल्या भिंती विटांच्या, वर मंगलोरी कौलं. पुढून लाकडी कठड्याची गॅलरी, आणि पाऊल टाकलं की करकरणारा जिना. या चाळी दिसायला जुनाट, पण आमच्या मतानं एका गोष्टीत त्या सरकारी चाळींपेक्षा शहाण्या होत्या, ती गोष्ट म्हणजे गॅलरी. आत अंधार असेल पण दाराबाहेर उजेड आणि वारा. धान्य तिथं निवडायचं, पापड वाळवायचे, पोरांना न्हाऊ घालून तिथं उन्हात बसवायचं, आणि अंगणात कोण आलं कोण गेलं यावर नजर ठेवायची. आपल्या गावच्या घराला ओसरी असते ना, ती ओसरीच वर मजल्यावर नेऊन ठेवलेली. बीडीडीच्या बोळात हे होत नाही. बोळ दिवसाही काळोखा. पण तिथल्या बायांनी बोळाचीच ओसरी केली. दुपारी दारात बसून तांदूळ निवडायचे आणि समोरच्या दारातल्या बाईशी बोलायचं. दोन उंबऱ्यांत अंतर ते किती!

खोलीच्या एका कोपऱ्यात मोरी. गुडघ्याच्या खाली येईल एवढा कट्टा घातलेली, शहाबादी फरशीची. भांडी तिथं, कपडे तिथं, अंघोळ तिथं. मोरीपुढं जुनं लुगडं दोरीवर टाकलं की झाली न्हाणी. घरात सासरा बसलाय, दीर बसलाय, आणि सून लुगड्याआड अंघोळ करतेय. आमच्या गटातल्या एका काकींनी सांगितलं, लग्न होऊन मुंबईला गेल्यावर पहिला महिनाभर त्या पुरुष माणसं कामावर गेल्याशिवाय अंगावर पाणी घ्यायच्याच नाहीत. नळाला पाणी यायचं पहाटे. त्याआधीच हंडे, कळशा, बादल्यांची रांग लागलेली. मोरीशेजारी पाण्याचं पिंप, आणि ते भरलं की त्या दिवसापुरता जीव भांड्यात. संडासाला जायचं तर उजाडायच्या आधी, नाहीतर दुपारी पुरुष नसताना. यात आणि आपल्या टमरेल घेऊन पहाटे ओढ्याकडे जाण्यात फार फरक नव्हता. फक्त तिथं ओढ्याऐवजी रांग होती.

डोक्यावर पोटमाळा. त्यावर गावाहून आलेलं तांदळाचं पोतं, पाहुण्यांच्या वाकळा, गणपतीचं मखर. भिंतीला खुंट्या आणि फळ्या, फळीवर पितळेचे डबे ओळीनं, एका कोनाड्यात देव. खाट असेल तर ती घरातल्या म्हाताऱ्याची, आणि तिच्याखाली ट्रंका. रात्री पुरुष गॅलरीत, जिन्यात, नाहीतर रस्त्याकडेला अंथरूण टाकायचे. बाया आणि पोरं आत. १९३१ मध्ये शाही कामगार आयोगाचा अहवाल आला. त्यात मुंबईतल्या कामगारांपैकी शंभरातले सत्त्याण्णव एका खोलीच्या घरात राहतात असं नोंदलंय, आणि एकेका खोलीत सहा ते नऊ माणसं. म्हणजे ज्याला दोन खोल्या तो श्रीमंतच म्हणायचा.

काही खोल्यांत कुटुंब नसायचं. एका गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली ती गावकीची खोली. आमच्या आसपासच्या बऱ्याच गावांची अशी खोली होती. पंधरा-वीस जण, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी, भाडं वाटून. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला आडवा. गावाहून नवीन पोरगा आला की आधी तिथं उतरायचा आणि तिथूनच त्याला काम लागायचं. गावात देऊळ बांधायचं, शाळेला वर्ग बांधायचा, तर वर्गणी त्या खोलीत गोळा व्हायची. आमच्या गावच्या देवळाच्या पायरीवर 'मुंबईकर मंडळी' असं कोरलंय, ती ही मंडळी. त्यांच्या बायका इथं नांगराच्या मागं होत्या, त्यांचं नाव पायरीवर नाही, पण तो विषय वेगळा.

एवढ्या पुरुषांना जेवायला कोण घालणार? इथं बाईचा धंदा उभा राहिला, खानावळ. चाळीतल्या त्याच खोलीत, त्याच चुलीवर, नवरा-पोरांचं करून वर दहा, पंधरा, वीस जणांचं जेवण. दिवसपाळीचा डबा पहाटे, रातपाळीवाल्याचं ताट सकाळी तो परत आल्यावर, मग संध्याकाळचं. हिशेब महिन्याचा. जेवणारा पैसे देणार पगाराच्या दिवशी, म्हणून बाईनं महिनाभर वाण्याकडून उधारीवर माल आणायचा, आणि वाणी भाव चढा लावायचा. नड पडली की मंगळसूत्रातले मणी, पाटल्या गहाण. व्याज असं की सोडवून आणणं होईना. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपले गट सुरू होण्याआधी आपल्याकडे खतासाठी, बियाणासाठी हेच होतं.

या खानावळवाल्या बायांना १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी एकत्र आणलं. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या, नंतर मुंबईत कामगारांत काम केलेल्या. त्यांनी उभं केलं अन्नपूर्णा महिला मंडळ. बाई एकटी बँकेत गेली तर शिपाई आत सोडत नाही, बाया मिळून गेल्या तर साहेब खुर्ची देतो, हे तेव्हा या बायांनी करून दाखवलं. राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं, वाण्याची उधारी सुटली, गहाण दागिने सोडवले. आपण आज उमेदच्या गटात बसून अंतर्गत कर्ज, बँक जोडणी असे शब्द सहज बोलतो. त्याआधी त्या चाळीतल्या बायांनी हे चुलीच्या धुरात बसून केलंय.

बाया गिरणीतही होत्या. सूत गुंडाळायच्या कामाला, म्हणजे रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात, त्यांची संख्या मोठी होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. तो चांगला झाला. पण त्या कायद्यानंतर आणि पुढं नवी यंत्रं आल्यावर गिरण्यांतल्या बायांची संख्या घटत गेली.

आता पावतीकडे येऊ. कारण आम्हाला आज खरं बोलायचंय ते तिच्याबद्दल.

भाड्याच्या घराचा कागद एकच, दर महिन्याची भाडेपावती. मालकाचा माणूस यायचा, पैसे घ्यायचा आणि पावती फाडून द्यायचा. पावतीवर भाडेकरूचं नाव. ते नाव पुरुषाचं. भाडं खानावळीच्या पैशातून गेलं असो, बाईच्या वाइंडिंगच्या पगारातून गेलं असो, नाव पुरुषाचंच. कुणी कपटानं केलं असं आम्ही म्हणत नाही. कुणाच्या डोक्यातच वेगळं आलं नाही.

पुढं या कागदाला मोल आलं. १९४७ मध्ये मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा झाला आणि भाडं सप्टेंबर १९४० मध्ये होतं तिथं बांधलं गेलं. महागाई वाढत गेली, पगार वाढले, भाडं तेवढंच. मालक म्हणू लागला, एवढ्या भाड्यात मी कौलं काय बदलू आणि जिना काय दुरुस्त करू? चाळी खचू लागल्या. १९६९ मध्ये सरकारला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळं मंडळ कायद्यानं स्थापन करावं लागलं. दुसरीकडे भाडेकरूला खोली सोडावीशी वाटेना, आणि सोडली तर हातावर पागडी घेऊनच. भाडं चहाच्या पैशाएवढं आणि पागडी शेत विकून आणावी एवढी. म्हणजे १६० चौरस फुटांपेक्षा ती चतकोर पावतीच भारी झाली.

मग आला १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागं घेतलाच गेला नाही. कितीतरी गिरण्या परत नीट चालू झाल्या नाहीत आणि कितीतरी माणसं परत कामावर गेली नाहीत. आमच्या भागात त्या वर्षी एसटीनं घरं भरली. जो फक्त गणपतीला आणि जत्रेला दिसायचा तो नवरा पावसाळ्यापर्यंत घरी. एका आजी म्हणाल्या, 'लग्नाला वीस वर्षं झाली, पण सलग तीन महिने एका घरात आम्ही पहिल्यांदाच राहिलो.' त्या हे सांगताना हसत होत्या.

त्याच आजींची पुढची गोष्ट, नाव-गाव न घेता सांगतो. त्यांच्या मालकांची खासगी चाळीत खोली होती. संपानंतर ते कधी गावात, कधी मुंबईत, मिळेल ते काम. आजी मात्र इथंच. जमीन कोण बघणार, म्हातारी सासू कोण बघणार, म्हशी कोण बघणार? खोलीवर पुतण्या राहायला होता. काही वर्षांनी मालक मुंबईतच वारले. पुतण्यानं मयताची कागदपत्रं नेऊन पावतीवर स्वतःचं नाव लावून घेतलं. आजींना हे कळलं चाळ पाडून नवी इमारत व्हायची बोलणी सुरू झाल्यावर. त्या विचारायला गेल्या तर सांगितलं, काकी, तुम्ही इथं राहतच नव्हता.

आम्हाला राग आला. पण राग बाजूला ठेवून आम्ही कायदा समजून घेतला, तो तुम्हालाही सांगतो. आता महाराष्ट्रात चालतो तो १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, ३१ मार्च २००० पासून लागू झालेला. भाडेकरू वारला तर त्याच्या जागी कोण, याचं उत्तर त्यात असं आहे की घरातलं जे माणूस भाडेकरू वारला तेव्हा त्याच्याबरोबर त्या जागेत राहत होतं, ते. असं कुणी नसेल तर मग वारस. आणि आपसांत एकमत नसेल तर कोर्ट ठरवणार. आता यात गावाकडची बायको कुठं बसते बघा. ती वारस आहे, पण नवऱ्याबरोबर त्या खोलीत राहत नव्हती. नव्हती, कारण त्याचंच शेत आणि त्याचीच आई सांभाळत होती. तिनं इथं राहून संसार राखला म्हणून तिथल्या घरातला तिचा हक्क मागं पडला. सोबत राहणाऱ्याला घराबाहेर काढू नये म्हणून हा नियम केला, तो वाईट नाही. पण दोन चुलींचा संसार तो लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर नसावा.

आजींच्या ट्रंकेत मालकांच्या नावाची एक जुनी पावती निघाली, चार घड्या घातलेली. ती घेऊन त्या तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे गेल्या. प्रकरण चालू आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

बीडीडी चाळींचं सांगायचं तर त्या आता पाडून म्हाडा तिथं टोलेजंग इमारती बांधतंय. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं स्वतःच्या मालकीचं घर. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पहिल्या चाव्या मिळाल्या. फोटोत बाया नव्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या, बघून बरं वाटलं. शंभर वर्षांनी मोरीला दार मिळालं. आमच्या भागातल्या काही घरांचंही तिथं नाव आहे. त्यांनी एवढं बघावं की नव्या घराच्या कागदावर बाईचं नाव लागतंय का. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

दुसरं, गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीचं. ज्यांच्या घरी गिरणी कामगार होता त्यांच्याकडे जुने कागद पडून असतील. गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर असलेला कागद, पगाराची चिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीची पावती. रद्दीत घालू नका, देव्हाऱ्यामागं कोंबू नका. कामगार हयात नसेल तर वारस म्हणून बायकोचा हक्क पहिला सांगायचा. दिरानं फॉर्म भरला म्हणून आपलं काम झालं असं समजू नका. फॉर्मवर नाव कुणाचं, ते स्वतः वाचा, नाहीतर मुलीकडून वाचून घ्या.

तिसरं आपल्या पोरांचं. चाळ गेली तरी भाड्याचं घर संपलेलं नाही. आज आपली पोरं चाकणला, पनवेलला, हडपसरला भाड्यानं राहतात. एक खोली, एक किचन, कंपनीची बस. सुनाही कामाला जातात. भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती नोंदणी करून घ्यायची जबाबदारी कायद्यानं घरमालकावर टाकलीय. भाडं घेतलं की पावती देणंही त्याला बंधनकारक आहे. 'मोबाईलवर पैसे पाठवले की झालं' असं पोरं म्हणतात. पैसे गेल्याचं मोबाईल दाखवेल, पण भाडेकरू कोण ते दाखवणार नाही. सुनेच्या पगारातून निम्मं भाडं जात असेल तर करारावर तिचंही नाव घाला. हे सासूनं सांगितलं तर पोरगा ऐकतो, सुनेनं सांगितलं तर भांडण होतं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

आणि आपलं इथलं घर. ग्रामपंचायतीत नमुना नंबर ८ चा उतारा मिळतो. त्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावायचा शासन निर्णय आहे. प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुलही बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर मंजूर होतं. तरी गेल्या महिन्यात एका गटात बाया उतारे घेऊन आल्या तर निम्म्याहून जास्त उताऱ्यांवर बाईचं नाव नव्हतं. एकीच्या उताऱ्यावर तर बारा वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्यांचं नाव, आणि घरपट्टी ती बाई दरवर्षी भरतेय. पावती तिच्या हातात आणि नाव सासऱ्याचं. चाळीत झालं तेच.

तर पुढच्या बैठकीला येताना दोन कागद घेऊन या. एक, या वर्षीचा नमुना नंबर ८ चा उतारा. दुसरा, ट्रंकेत मुंबईची काही जुनी पावती, पत्र, गिरणीचा कागद सापडला तर तो. कागद फाटका असला तरी आणा, पण लॅमिनेशन करून आणू नका. एकदा प्लॅस्टिकमध्ये चिकटला की जुना कागद पुन्हा सुटा होत नाही. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि सरळ ठेवा, घडीवर घडी घालू नका. ज्यांना उतारा काढायला ग्रामपंचायतीत एकटीनं जायला नको वाटतं त्यांनी गटाच्या अध्यक्षांना सांगा, दोघी-तिघी मिळून जाऊ.